नाशिककर मंडळी, पहिला कन्सोल घेतोय: डिस्कवाला पीएस ५ की बिनडिस्कचा एक्सबॉक्स?

पवननगर_सिडको

नमस्कार दादालोक. मी सिडकोत राहतो, अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे. बोनस आणि साठवलेले मिळून पन्नास-पंचावन्न हजार बाजूला काढलेत. आयुष्यातला पहिला कन्सोल घेणार. आतापर्यंत मोबाइलवर बीजीएमआय आणि मित्राकडे पीएस ४, एवढंच.

घरी मी आणि धाकटा भाऊ. त्याला फुटबॉल पाहिजे, मला स्टोरीवाले गेम. दोघांना एकत्र बसून खेळता आलं तर उत्तमच. नेट बरं आहे, पण पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि नेट दोन्हींचा भरवसा नसतो.

दुकानात गेलो तर एकजण म्हणतो सोनीचा पीएस ५ घे, दुसरा म्हणतो मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस घे, स्वस्त पडेल, महिन्याचे पैसे भरले की गेम पासवर शेकडो गेम मिळतील, डिस्कचा जमाना गेला. तिसऱ्याने तर बिनड्राइव्हचा पीएस ५ पुढे केला. मला नेमकं हे कळत नाहीये की डिस्कसाठी जास्त पैसे घालण्यात अर्थ आहे का. आणि या कंपन्यांपैकी विश्वास कोणावर ठेवायचा? पुढची पाच-सात वर्षं हाच कन्सोल वापरायचाय.

कॉलेज_रोड_गेमर

पीएस ५ घे, डिस्कवाला. स्पायडर-मॅन, गॉड ऑफ वॉर, घोस्ट ऑफ त्सुशिमा. भावाला फुटबॉलचा एफसी. विषय संपला.

कॅसेटवाला_पंचवटी

भावा, वरच्या दादाचं उत्तर बरोबर आहे, पण कारण त्याने सांगितलं नाही. ते मी सांगतो, आणि जरा लांबवून सांगतो, कारण या विषयावर मला मनापासून बोलायचंय.

मी पंचवटीत वाढलो. आमच्या गल्लीत पिवळ्या कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, काँट्रा आणि मारिओ घातलेला. कॅसेट कोणा एकाची नसायचीच. एकाकडे काँट्रा, दुसऱ्याकडे रणगाड्यांचा गेम, आठवडाभर इकडची तिकडे. दुकानात दहा रुपये देऊन बदलून पण मिळायची. मला गेमची गोडी लागली ती अशी हातोहात फिरणाऱ्या कॅसेटमुळे. त्यामुळे मी कुठलाही कन्सोल बघताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की मी विकत घेतलेला गेम उद्या माझ्या भावाला, मित्राला देता येईल का? आणि कंपनीच्या मनात आलं तर तो माझ्याकडून काढून घेता येईल का?

आता हिशोब. पीएस ५ चं स्लिम मॉडेल आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये आलं तेव्हा डिस्कवाला ५४,९९० ला होता आणि डिजिटल ४४,९९० ला. आजचा भाव दुकानात विचार, ऑफरमध्ये खालीवर होतो, पण फरक बघ. दहा हजार. सोनीचा स्वतःचा नवा मोठा गेम पीएस ५ वर बहुधा ४,९९९ ला येतो. म्हणजे हा फरक दोन गेमचा झाला. डिजिटलवर घेतलेला गेम तुझ्या अकाउंटला चिकटला, तो परत विकता येत नाही. डिस्क घेतलीस, महिन्याभरात गेम संपवून पुढच्याला दिलीस, तर बरेचसे पैसे हातात परत येतात आणि त्यातून पुढचा गेम येतो. शिवाय पीएस ४ च्या डिस्क पीएस ५ मध्ये चालतात. ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. पीएस ४ च्या जुन्या डिस्क शहरात ढिगाने आहेत आणि फार स्वस्त मिळतात. तू स्टोरीवाला माणूस आहेस, तुझी दोन वर्षं त्यातच आनंदात जातील.

नाशिकमध्ये डिस्कची देवाणघेवाण चांगली चालते. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहेत. लोक सीबीएस बसस्थानकापाशी किंवा सिटी सेंटर मॉलच्या बाहेर भेटतात, डिस्क बघतात, पैसे देतात, निघतात. डिस्क घेताना उजेडात तिरपी धरून बघ. बारीक ओरखड्यांना घाबरू नकोस, ब्लू-रेवर कडक थर असतो. मधल्या भोकाभोवती तडा गेलाय का ते मात्र नीट तपास, तशी डिस्क फुकट दिली तरी घ्यायची नाही. आणि डिस्क कुठल्या प्रदेशाची आहे ते विचार, कारण त्या गेमचं डीएलसी (नंतर वेगळा मिळणारा जादा भाग) त्याच प्रदेशाच्या अकाउंटवरून घ्यावं लागतं.

विश्वास कोणावर ठेवायचा म्हणतोस, तर २०१३ सालची गोष्ट ऐक. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा त्यांची अट होती की कन्सोलने चोवीस तासांतून एकदा तरी नेटवर हजेरी लावायची, आणि वापरलेल्या डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं. जगभर लोक भडकले. सोनीने त्याच जूनमध्ये एक छोटासा व्हिडिओ काढला, पीएस ४ वर गेम दुसऱ्याला कसा द्यायचा. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो, संपला व्हिडिओ. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. मला त्या वेळी सोनीचा फार अभिमान वाटला होता. पण तीच सोनी २०२४ मध्ये पीएस ५ प्रो काढते आणि त्यात डिस्क ड्राइव्हच नाही, वेगळा विकत घ्या म्हणते. (प्रो तेव्हा आपल्याकडे आलाच नाही, त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात तेव्हा खुला नव्हता.) म्हणून कुठल्याच लोगोवर जीव टाकू नकोस. गेम बनवणाऱ्या स्टुडिओवर टाक.

डिजिटल वस्तू कशी हातातून जाते त्याचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून कधी जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये पीएस ४ वर पी.टी. नावाचा फुकट डेमो आला होता. एकच बोळ, पुन्हा पुन्हा तोच, आणि भीती अशी की हातातला कंट्रोलर घामाने ओला. हिदेओ कोजिमा या जपानी गेम-दिग्दर्शकाने सायलेंट हिल या भयपटासारख्या मालिकेतल्या नव्या गेमची झलक म्हणून तो केलेला. पुढे कोजिमा आणि त्याची कंपनी कोनामी यांचं फाटलं, तो सायलेंट हिल रद्द झाला आणि २०१५ मध्ये पी.टी. स्टोअरवरून काढला. ज्यांनी आधी घेतलेला त्यांनाही तो पुन्हा डाउनलोड करता येईना. काँट्रा काढणारी कोनामी हीच. तिच्या कॅसेट पंचवटीत अजून कोणाच्या तरी माळ्यावर असतील आणि चालतीलही. पी.टी. मात्र ज्या मशीनमध्ये राहिला तिथेच राहिला.

डिस्क म्हणजे सगळं सुरक्षित, असंही समजू नकोस. युबिसॉफ्टचा द क्रू हा गाड्यांचा गेम २०१४ चा, डिस्कवर विकला गेलेला. एकट्याने खेळायचा तरी सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, डिस्क निकामी. त्यावरून युरोपात स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ च्या जुलैत दहा लाख सह्यांचा आकडा ओलांडला. मला वाटतं गेमिंगमध्ये गेल्या दहा वर्षांत ग्राहकांनी केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. तेव्हा घेण्याआधी बघ, गेम नेट न लावता डिस्कवरून चालतो का. परदेशातली काही मंडळी एकेक डिस्क तपासून याद्या करतात, शोधलं की सापडतात. तुझ्याकडे पावसात नेट जातं, तुला तर हे बघायलाच हवं.

युबिसॉफ्टवर माझा राग आहे तो आपल्या जवळचा पण आहे. त्यांचा पुण्यात स्टुडिओ आहे, २००८ पासून. प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइमचा रीमेक सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा काम पुणे आणि मुंबईकडे होतं. एवढं मोठं नाव आपल्या माणसांच्या हातात! ट्रेलरमधल्या ग्राफिक्सवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला नेलं. मला आतलं राजकारण माहीत नाही. पण लहान स्टुडिओला मोठं काम द्यायचं तर त्याला वेळ आणि आधार द्यायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

एक्सबॉक्सबद्दल वेगळं लिहितो, जेवायला बोलावतायत.

देवळाली_कॅम्प

कॅसेटवाले दादा, तुमचं वाचून बरं वाटलं, पण दुसरी बाजू मांडतो. मी सिरीज एस वापरतो आणि खूश आहे.

डिस्क फिरवायला मित्र लागतात, ग्रुप लागतो, हातात एकदम पाच हजार लागतात. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्याने काय करायचं? मी कॉलेजला असताना एक नवी डिस्क म्हणजे महिन्याचं मेसचं बिल. गेम पासमुळे मी पेंटिमेंट खेळलो. सोळाव्या शतकातल्या जर्मनीतला, जुन्या हस्तलिखितांसारखा रंगवलेला, नुसतं वाचायचं आणि ठरवायचं असा गेम. दुकानात त्याच्यासाठी मी कधीच पैसे मोजले नसते. ऑब्सिडियनच्या छोट्या टीमने केलेला असा गेम सबस्क्रिप्शन नसतं तर बनलाच नसता, असं मला वाटतं. हाय-फाय रश पण तसाच, २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाला त्याच दिवशी खेळायला मिळाला. गाण्याच्या तालावर मारामारी. त्या महिन्यात मी दुसरं काही खेळलोच नाही.

स्टोरेज कमी आहे हे मान्य. ५१२ जीबी लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष वापरायला साडेतीनशेच्या थोडं वर मिळतं. मोठे तीन-चार गेम टाकले की भरलं.

कॅसेटवाला_पंचवटी

देवळालीकर, तुम्ही हाय-फाय रशचं नाव काढलंत आणि मी तेच लिहायला बसलो होतो.

तो गेम बनवणारा टँगो गेमवर्क्स, टोकियोचा स्टुडिओ. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला झेनिमॅक्स ही गेम कंपनी घेतली, तिच्याबरोबर तो आला. गेमचं जगभर कौतुक झालं, बक्षिसं मिळाली, खुद्द मायक्रोसॉफ्टची माणसं त्याच्या यशाबद्दल बोलत होती. आणि मे २०२४ मध्ये तोच स्टुडिओ बंद करायचा निर्णय. त्याच दिवशी आर्केन ऑस्टिन हा त्यांचाच दुसरा स्टुडिओ पण. जेमतेम सात महिन्यांपूर्वी याच कंपनीने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६८.७ अब्ज डॉलरला घेतली होती, आणि जानेवारीत १,९०० जणांना कामावरून काढलं होतं. एवढा पैसा होता, आणि हाय-फाय रश करणाऱ्यांना ठेवायला नव्हता? मला हे आजही पटत नाही. शेवटी ऑगस्टमध्ये क्राफ्टनने टँगो आणि हाय-फाय रश दोन्ही घेतले. पवननगरच्या भावा, तू बीजीएमआय खेळतोस ना, तीच क्राफ्टन. त्या दिवसापासून माझ्या मनात त्या कंपनीबद्दल आदर आहे.

म्हणून देवळालीकर, पेंटिमेंटबद्दल तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. असे गेम सबस्क्रिप्शनमुळे घडले आणि तुमच्यापर्यंत पोचले, ही खरी चांगली गोष्ट. फक्त त्याचं भाडं कधी वाढेल हे आपल्या हातात नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पास अल्टिमेट १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ वर नेला. आपल्याकडेही वाढवला. महिनाभर पैसे थांबवले की कपाट रिकामं.

आणि सोनीने पण काही दिवे लावलेले नाहीत, तेही सांगतो, नाहीतर मी सोनीचा माणूस वाटेन. त्यांचा कॉनकॉर्ड हा ऑनलाइन गेम आठवतो का? २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद. पैसे परत दिले, तेवढं बरं केलं. ऑक्टोबरमध्ये तो करणारा फायरवॉक स्टुडिओच बंद. सगळ्यांनी फोर्टनाइट सारखा पैसा रोज देणारा गेम पाहिजे म्हणून धावायचं आणि पडलं की स्टुडिओला टाळं. गंमत बघा, त्याच सप्टेंबरात त्यांच्याच टीम असोबीचा ॲस्ट्रो बॉट आला. छोटी टीम, साधा उड्या मारायचा गेम, खिशात हात घालायला लावणारी लूटबॉक्स-बिक्स (पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेट्या) काही नाही. वर्षाअखेरीस गेम ऑफ द इयर तोच ठरला. माझ्या पुतणीने तो खेळताना इतक्या जोरात हसून घर डोक्यावर घेतलं की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. पवननगर, हा पहिल्या महिन्यात घेच. डिस्कवर मिळतो.

गंगापूर_रोडची_ताई

मी मुलांसाठी निन्टेंडो स्विच घेतला होता, म्हणून लिहिते. निन्टेंडो आपल्याकडे अधिकृत विक्री करत नाही, त्यामुळे सगळा माल बाहेरून आणलेला. बिघडला तर दुरुस्तीला वाली नाही. आमच्या कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला सरकायला लागली, तर शेवटी मुंबईहून सुटा भाग मागवून बसवून घ्यावा लागला. गेमही फारसे स्वस्त होत नाहीत. २०१७ चा ब्रेथ ऑफ द वाइल्ड कित्येक वर्षांनीही नव्याच्याच भावाला.

पण घरात चौघांनी मिळून खेळायला त्याला तोड नाही, हे अनुभवाने सांगते. आणि कार्ट्रिजला प्रदेशाचं बंधन नसतं, नातेवाईक दुबईहून आणतात ती इथे चालतात. राजी पण आम्ही त्याच्यावरच खेळलो. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला, २०२० मध्ये आधी स्विचवरच आला. पार्श्वभूमीला आपलं स्थापत्य, आपल्या कथा. संस्थापकांपैकी एकीने स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवलं होतं, हे वाचलं तेव्हा मुलीला मुद्दाम सांगितलं.

कॅसेटवाला_पंचवटी

ताई, राजीचं नाव घेतलंत, फार छान वाटलं. तो बाकी कन्सोलवर पण आहे, पवननगरने नोंद करून ठेवावी.

निन्टेंडोबद्दल एक गोष्ट मला सांगायचीच आहे. वी यू हा स्विचच्या आधीचा कन्सोल चालला नाही, कंपनी तोट्यात, तेव्हा २०१४ मध्ये अध्यक्ष सातोरु इवाता यांनी स्वतःचा पगार पाच महिने निम्मा केला. माणसं काढली तर राहिलेल्यांच्या मनात भीती बसते आणि भ्यालेल्या माणसांकडून चांगला गेम होत नाही, असा त्यांचा विचार होता. त्याच माणसांनी पुढे स्विच केला आणि तो पंधरा कोटींच्या वर खपला. टँगोच्या बातमीच्या दिवशी मला इवाताच आठवले.

मात्र स्विच २ मध्ये त्यांनी गेम-की कार्ड आणलंय. दिसायला कार्ट्रिज, आत गेमच नाही, गेम नेटवरून उतरवायचा. विकता येतं, देता येतं, पण सर्व्हर असेपर्यंतच. ताई, पुढे घेतलंत तर खोक्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

पवननगर_सिडको

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्कवाला पीएस ५ पक्का केला. दोन शंका राहिल्या. भावासाठी एफसी दरवर्षी नवा घ्यावा लागतो का? आणि दोघांनी मिळून खेळायला स्टोरीवालं काय?

कॅसेटवाला_पंचवटी

एफसी दरवर्षी सप्टेंबरात येतो. (आधीचा फिफाच, २०२३ पासून नाव बदललं.) दरवर्षी घ्यायची अजिबात गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत सेलमध्ये किंमत पडते तेव्हा वापरलेली डिस्क घे आणि विकायची असेल तर जुलैच्या आत काढ, नवा जाहीर झाला की जुन्याला कोणी विचारत नाही. भावाला एकच सांग, अल्टिमेट टीम (एफसीतला खेळाडू गोळा करून संघ बांधायचा प्रकार) याच्या पॅकवर पैसे घालायचे नाहीत. आत कुठला खेळाडू निघेल माहीत नसताना पैसे टाकायचे, म्हणजे जुगारच. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या पेट्यांना जुगार ठरवलं आणि पुढच्या वर्षी ईएला, म्हणजे एफसी काढणाऱ्या कंपनीला, तिथे या पॅकसाठीची पैशाची विक्री थांबवावी लागली. तुझं कार्ड कन्सोलवर सेव्ह करून ठेवू नकोस.

दोघांसाठी इट टेक्स टू. हेझलाइट नावाच्या स्वीडिश स्टुडिओचा, २०२१ चा गेम ऑफ द इयर. एकट्याने खेळताच येत नाही, दोघं लागतातच, शेजारी बसून नाहीतर नेटवरून. तो संपला की त्यांचाच स्प्लिट फिक्शन, २०२५ चा. आणि बघ, हे दोन्ही विकणारी कंपनी ईएच, जी वरचे पॅक विकते. म्हणून म्हटलं, स्टुडिओ बघ. इट टेक्स टूची डिस्क माझ्याकडे आहे, कन्सोल आला की पंचवटी कारंजापाशी ये, देतो. खेळून झाली की परत दे.

तिसरा, जरा दमाचा, बाल्डर्स गेट ३. दोघांना एकाच स्क्रीनवर खेळता येतो. सिरीज एसवर हा एक स्क्रीन वाटून खेळायचा प्रकार सुरुवातीला नव्हताच, २०२५ च्या एप्रिलमध्ये आला. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तरच घे, संवाद भरपूर आहेत.

खरेदीच्या दिवशी: पक्कं जीएसटी बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि तो खोक्यावरच्या नंबराशी जुळवून बघ. 'बाहेरचा पीस, दोन हजार कमी' असं कोणी म्हटलं तर नको म्हण, वॉरंटीला इथे कोणी उभं करणार नाही. सिडकोत लाइटचा लपंडाव असेल तर साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावू नकोस, टीव्ही आणि कन्सोल दोन्हींना मिळून यूपीएस घे. गेम सेव्ह होत असताना लाइट गेली की सेव्ह खराब होऊ शकतो. आणि कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नकोस, अंबडकडची धूळ तुला माहीतच आहे, मागची जाळी महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ कर.